फॅशन शोसाठी बर्फाची शिल्पं : लादीपासून रॅम्पपर्यंत

रॅम्पसज्जा

बंद सभागृहातल्या फॅशन शोसाठी बर्फाची तीन शिल्पं ठरली आहेत. कामाला हात घालण्याआधी जाणकारांकडून प्रत्येक टप्पा तपासून घ्यावा म्हणून हा धागा.

अ) बिनमस्तकी स्त्री-धड, एका खांद्यावरून उतरणाऱ्या वस्त्राच्या चुण्यांसह. उंची साडेपाच फूट.
आ) उंच टाचेची सँडल, एकाच लादीतून कोरलेली, मीटरभर लांब.
इ) लाद्यांची भिंत. तिच्यात एक रेशमी पोशाख गोठवलेला आणि बाजूला ब्रँडचं नाव कोरलेलं.

सभागृहाचं तापमान २४ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. स्टेज दुपारी ३ ला ताब्यात मिळेल. पाहुणे ७ ला आत येतील, शो ७:३० ते ८:१५, त्यानंतर ९ पर्यंत छायाचित्रं. शिल्पं किती वाजता ठेवायची, जाडी किती धरायची, पाण्याची वाट कशी लावायची, दिवे कुठले आणि कापडाचं काय, एवढं कळलं की पुढचं नियोजन करता येईल.

हिमशिल्पी

सुरुवात वितळण्याच्या हिशेबापासून करा. शिल्प पावणेआठला कसं दिसायला हवं ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे येत कोरायचं.

तुम्ही दिलेल्या हवामानात वारा नसेल तर उघड्या पृष्ठभागावरून ताशी ४ ते ५ मिमी बर्फ जातो. एसीचा झोत थेट येत असेल तर हाच आकडा १० मिमीच्या पुढे जातो. पातळ भाग दोन्ही बाजूंनी झिजतो, म्हणून दुप्पट धरा. साडेपाचला ठेवलेलं शिल्प नऊपर्यंत टिकवायचं म्हणजे साडेतीन तास. स्टेजवर माणसांची वर्दळ आणि थोडाफार वारा असणारच, तेव्हा ताशी ८ मिमी धरून चाला : साडेतीन गुणिले आठ गुणिले दोन, म्हणजे जाडीतून ५६ मिमी वजा. शेवटी ३ सेंमी उरायला हवी असेल तर कोरताना साडेआठ-नऊ सेंमी ठेवावीच लागते. धडाचा खांदा, चुणीची कड, सँडलचा पट्टा, सगळ्यांना हाच नियम.

आर्द्रतेकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. हवेतली वाफ बर्फावर पाणी होऊन जमते तेव्हा तिची उष्णता बर्फात उतरते. एक ग्रॅम वाफ अशी जमली की साडेसात ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो. त्यामुळे सभागृह दोन अंशांनी थंड करण्याइतकीच हवा कोरडी ठेवणंही महत्त्वाचं. एसी दुपारपासूनच चालू ठेवा आणि पाहुणे येईपर्यंत बाहेरची दारं बंद.

लादी पारदर्शकच घ्या. यंत्रात तळाकडून वर गोठवलेली, वरचं पाणी पंपाने सतत हलतं ठेवलेली. हवा आणि क्षार वर ढकलले जातात आणि शेवटी उरलेलं गढूळ पाणी काढून टाकतात. नेहमीचं माप ४० × २० × १० इंच, वजन १२० किलोच्या पुढे, आणि गोठायला तीन-चार दिवस. डब्यात चारी बाजूंनी गोठवलेल्या लादीच्या पोटात पांढरा गाभा राहतो. तिथे बुडबुडे असतात आणि छिन्नी लागली की नेमका तिथेच तुकडा उडतो.

शीतगृह

लादी उणे १८ वरून थेट कोरायला घेऊ नये. पृष्ठभाग गरम आणि पोट थंड अशी अवस्था झाली की तडा आरपार जातो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उणे ४-५ अंशांच्या खोलीत रात्रभर ठेवा. बाहेर ठेवायची वेळ आली तर दोन-तीन तास. ओळख सोपी आहे : वरचं पांढरं दव जाऊन लादी काचेसारखी दिसू लागली आणि छिन्नीखाली भुगा न पडता साफ, लांब कपच्या निघू लागल्या की लादी तयार.

कोरून झालेलं शिल्पही फ्रीझरमध्ये उघडं ठेवू नका. कोरड्या थंड हवेत बर्फ न वितळता थेट उडून जातो आणि बारीक कडा बोथट होतात. आधी पातळ प्लॅस्टिकची फिल्म, वर जाड पॉलिथिन, त्यावर गोधडी.

रॅम्पसज्जा

साडेपाचला का ठेवायचं? सातला पाहुणे येणार, तर साडेसहाला ठेवलं तर तासभर वाचतो.

हिमशिल्पी

तो तास वाचवू नका. फ्रीझरमधून आलेल्या शिल्पावर सभागृहातली वाफ लगेच गोठते आणि ते खडूसारखं पांढरं पडतं. पृष्ठभाग शून्यावर येऊन दव धुवून जायला पाऊण तास ते तास लागतो. त्याआधी चुण्या दिसत नाहीत, प्रकाशही आत शिरत नाही. साडेपाचला ठेवा, पावणेसातपर्यंत पारदर्शक होईल. दव जावं म्हणून कोमट पाणी ओतण्याचा मोह आवरा. पोट अजून उणे दहावर असतं आणि पृष्ठभागावर जाळीसारख्या चिरा पडतात. गॅसची ज्योतही लादी शून्याजवळ आल्यावरच आणि एका जागी न थांबवता फिरवायची.

आता प्रत्येक शिल्पाबद्दल.

धड. दोन लाद्या उभ्या एकावर एक. सांधा कमरेच्या सर्वांत बारीक जागी येता कामा नये, नितंबाच्या रुंद भागात घ्या. सांधण्यासाठी ॲल्युमिनियमची सपाट, किंचित गरम पाटी दोन्ही तोंडांवर फिरवून ती एकसारखी सपाट करायची, मग थंड पाण्याचा हलका शिडकावा, वरची लादी ठेवायची आणि लगेच दाबून दोन-तीन मिमी पुढे-मागे सरकवायची, म्हणजे हवा निघून जाते. उणे १० च्या खोलीत पाच-दहा मिनिटांत सांधा धरतो. कडेला फट राहिली तर बर्फाचा भुगा आणि पाणी यांचा लगदा भरा. पाटी फार तापलेली असेल तर तोंड मधे खोलगट होतं, कडा टेकतात आणि पोटात हवेचा चपटा डाग अडकतो. खालून प्रकाश दिला की नेमका तो डागच आधी दिसतो.

आकार काढण्यासाठी पूर्ण मापाचा कागदी आराखडा ओला करून लादीवर चिकटवा, गोठू द्या, आणि रेषा डाय ग्राइंडरने (हातात धरून चालवायचं, बारीक फिरत्या टोकाचं यंत्र) ३-४ मिमी खोल कागदातूनच उतरवून घ्या. मोठा भाग विजेच्या साखळी करवतीने. साखळीला नेहमीचं इंजिन ऑइल अजिबात नको, त्याचा पिवळट ओघळ बर्फात मुरतो आणि निघत नाही. लागलंच तर खाद्यतेल. त्यानंतर रुंद सपाट छिन्नी, आणि चुण्यांसाठी व्ही आकाराची छिन्नी.

चुण्यांबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : उंचवटे आधी झिजतात, घळ्या मागाहून. साडेतीन तासांत एक सेंमी खोलीच्या चुण्या पुसट होऊन जातात. अडीच-तीन सेंमी खोल आणि अरुंद घळ्या घ्या. कोरून झाल्यावर त्या जरा भडक वाटतात, पण पावणेआठपर्यंत उंचवट्यांची टोकं गोल होतात आणि तेव्हाच ते कापड ओलं होऊन अंगाला चिकटल्यासारखं दिसतं. फॅशन शोमध्ये धडाचं खरं सौंदर्य तेच.

सँडल. बर्फ दाब चांगला सोसतो, ताण मात्र सोसत नाही. टाच आणि चवडा यांच्यामधली कमान म्हणजे दोन टेकूंवर ठेवलेला वाकडा पूल, तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. कमानीखालची पोकळी पूर्ण आरपार काढू नका. मधोमध साडेआठ-नऊ सेंमी जाडीचा पडदा ठेवा, तो दोन्ही बाजूंनी आत दाबून घ्या आणि गुळगुळीत करा. समोरून पोकळीच दिसते. पडद्याला एकही ओरखडा नको, ओरखडा असला की त्यावर प्रकाश अडतो आणि पडदा उघडा पडतो. टाच वर १२ आणि खाली ९ सेंमी जाड, उभी, तिरकी नाही. खाली १५ सेंमी जाडीचा बर्फाचाच पाया सोडा आणि टाच त्यातून उगवलेली ठेवा. वेगळी कोरून चिकटवू नका.

पाणसळ

स्टेजचं बोलू या. तयार डेकची क्षमता सर्वसाधारणपणे प्रति चौरस मीटर ५०० ते ७५० किलो असते. एका उभ्या लादीचा तळ ०.१३ चौरस मीटर, वजन १२० किलो, म्हणजे प्रति चौरस मीटर ९०० च्या वर भार. धडाला कोरून झाल्यावर दीडशे किलो धरले तर ११५० पर्यंत. डेकची फळी थेट सहन करणार नाही. खाली १८ मिमी प्लायचे दोन थर आणि धडासाठी निदान मीटर बाय मीटरची पक्की बैठक हवी. स्टेजवाल्याकडून क्षमतेचा आकडा लेखी घ्या.

पाणी : पूर्ण लादीचा पृष्ठभाग १.८ चौरस मीटर. ताशी ४ मिमी गेला तर साडेसहा लिटर, ८ मिमी गेला तर तेरा लिटर. कोरलेल्या शिल्पालाही जवळपास हेच धरा. ९० × ६० सेंमीची, ५ सेंमी खोल ट्रे २७ लिटर घेते, म्हणजे दोन-चार तासांत ओसंडते. म्हणून ट्रेला तळाशी एक इंची नळी, ती स्टेजखाली ६०-८० लिटरच्या टाकीत. ट्रेला नळीकडे एक सेंमी उतार हवा, पण शिल्प समतलच. ट्रेच्या आत दोन-अडीच सेंमी उंचीची प्लॅस्टिकची जाळी पाचर लावून समतल करायची आणि शिल्प तिच्यावर ठेवायचं. बर्फ साचलेल्या पाण्यात उभा राहिला की तळ हवेपेक्षा कितीतरी वेगाने जातो आणि शिल्प एका बाजूला झुकतं. नळीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बसवा. कपच्या, फुलांच्या पाकळ्या, टिकल्या सगळं तिथेच येऊन अडकतं.

ठेवल्यावर पाणसळ लावून बघा आणि पाहुणे आत येईपर्यंत दर अर्ध्या तासाने पुन्हा. दिव्याच्या बाजूचा बर्फ आधी जातो, गुरुत्वमध्य सरकतो, आणि उंच शिल्प कलतं. पहिल्या दोन अंशांतच पाचर देऊन सावरा. त्यापुढे गेलं की समोरच्या खुर्च्या रिकाम्या करून शिल्प उतरवायचं, सावरायचं नाही.

तिरीप

हॅलोजन आणि जुने पार कॅन (स्टेजवरचे डब्यासारखे दिवे) अजिबात नकोत. त्यांची बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांत जाते आणि बर्फ ती पृष्ठभागावरच शोषून घेतो. एलईडी घ्या, २४ व्होल्टचे, आयपी६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) किंवा त्याहून वरचे. ट्रेच्या जाळीखाली १०-१२ मिमी ॲक्रिलिकची खिडकी आणि तिच्याखाली पट्ट्या. एलईडीचा मागचा भागही तापतो, तेव्हा पट्टी ॲल्युमिनियमच्या पाटीवर लावा आणि तिच्याभोवती हवा खेळती ठेवा. खिडकी कोमट झाली की शिल्पाच्या तळाला वाटीसारखा खड्डा पडतो.

हिमशिल्पींनी पडद्याबद्दल सांगितलं त्याचीच दुसरी बाजू : स्वच्छ, गुळगुळीत बर्फातून प्रकाश सरळ निघून जातो, दिसत काहीच नाही. प्रकाश अडतो तो घळीत, खरबरीत पृष्ठभागावर, भुग्यात. धडाची त्वचा गुळगुळीत आणि वस्त्र छिन्नीच्या खुणांसकट खरबरीत ठेवलं तर खालचा एकच दिवा वस्त्र उजळवतो आणि अंग काळोखात राहतं. पार्श्वभूमी गडद हवी. पांढऱ्या पडद्यापुढे बर्फ छायाचित्रात नाहीसा होतो.

रंग एकच, फार तर दोन. मॉडेलच्या कपड्यांवर पडणारा प्रकाश वेगळा ठेवा. निळ्या बर्फाची झाक पिवळ्या-केशरी कापडाला मळकट करते.

वस्त्रवेध

पोशाख गोठवण्याबद्दल. आधी त्याच कापडाचा तुकडा पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. पांढऱ्यावर किंचितही रंग उतरला तर ते कापड बाद. लाल, किरमिजी आणि गडद निळ्या रेशमावर विशेष लक्ष द्या. मखमल टाळा, तिचा लव बर्फाच्या दाबाने बसतो आणि पुन्हा उठत नाही. डिंक किंवा खळ दिलेलं कापड पाणी गढूळ करतं, तेव्हा ते आधी धुऊन घ्या. टिकल्या शिवलेल्या हव्यात, चिकटवलेल्या नकोत.

शो झाल्यावर पोशाख हवा असेल तर हातोडा लावू नका, गरम पाणीही नको. गाळा, म्हणजे पोशाख गोठवलेला बर्फाचा भाग, वेगळा करून थंड पाण्याच्या टबात रात्रभर बुडवून ठेवा.

रॅम्पसज्जा

ताई, दोन लाद्यांच्या मधे कापड दाबून सांधलं तर नाही का चालणार? त्यात पाणीच भरावं लागणार नाही.

हिमशिल्पी

वस्त्रवेधताईंच्या आधी मीच सांगतो. कोरडं कापड दोन लाद्यांमधे दाबलं की त्याच्याभोवती हवा राहते. आतल्या दोन्ही तोंडांवर दव जमतं आणि कापड धुरकट काचेमागे असल्यासारखं दिसतं. सांधाही फक्त कडांनी धरलेला राहतो. पाणी भरावंच लागतं.

भिंतीसाठी तीन लाद्या उभ्या, शेजारीशेजारी : दीड मीटर रुंद, मीटरभर उंच. पोशाख मधल्या लादीत, म्हणजे तो कुठल्याच सांध्यावर येत नाही. मधली लादी आडवी ठेवून मागच्या बाजूने ८५ × ३८ सेंमीचा, १५ सेंमी खोल गाळा कोरा. समोर १० सेंमी बर्फ शाबूत राहतो. लादी उणे ४-५ अंशांवर असताना शून्य-एक अंशाचं पाणी दोन सेंमी ओता. त्याहून थंड लादीत किंवा साध्या नळाच्या पाण्याने ओतलंत तर कडकड आवाज येऊन तळात तारे फुटतात. पोशाख आधी थंड पाण्यात भिजवून, पाण्याखालीच हाताने दाबून बुडबुडे काढून घ्यायचा. घड्या मनासारख्या बसवून टोकं बर्फाच्या छोट्या खुंट्यांनी दाबायची. मग दोन-दोन सेंमीचे थर, आधीचा थर धरल्यावरच पुढचा. खोली उणे ६ ते ८, त्याहून थंड नको. जितकं सावकाश गोठेल तितके बुडबुडे कमी. प्रत्येक थराचं शेवटचं पांढुरकं पाणी स्पंजने टिपून टाका. गाळ्याचं तोंड शेवटपर्यंत उघडं ठेवा : पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, कोंडलं गेलं तर समोरचा १० सेंमीचा भाग फोडून बाहेर येतं.

या कामाला सहज दोन दिवस धरा. तिन्ही शिल्पांत सर्वांत जास्त बिघडणारं काम हेच आहे, म्हणून लहान तुकड्यावर एकदा पूर्ण करून बघा.

नाव कोरायचं ते मागच्या बाजूने, उलट्या अक्षरांत, तीन सेंमी खोल, आणि घळीत बर्फाचा कोरडा भुगा दाबून भरायचा. समोरून अक्षरं पांढरीशुभ्र, बर्फात तरंगल्यासारखी दिसतात. पुढचा पृष्ठभाग वितळला तरी त्यांना काही होत नाही. मागून मात्र ती लाद्यांइतक्याच वेगाने झिजतात, म्हणून पाठीला पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म ओल्या हाताने चिकटवा. भुगा जागेवर राहतो आणि वारंही लागत नाही.

पाणसळ

भिंतीचा हिशेब : ३६० किलो, तळ १.५ × ०.२५ मीटर, प्रति चौरस मीटर ९५० च्या पुढे. १.८ × ०.९ मीटरची बैठक दिली की २२० वर येतं. भिंत फक्त २५ सेंमी जाड आहे, तेव्हा मागे बैठकीला बोल्ट केलेल्या दोन लोखंडी उभ्या पट्ट्या, बर्फाला लागणाऱ्या बाजूला रबर लावून. लोखंड थेट टेकलं तर तिथे बर्फ लवकर जातो आणि आधारच ढिला पडतो.

छाया_प्रकाश

२०१० च्या मार्चमध्ये शनेल या फॅशन ब्रँडने पॅरिसच्या ग्रां पाले या प्रदर्शनगृहात स्वीडनहून आणलेल्या बर्फाचा हिमनग उभा केला होता, सुमारे अडीचशे टनांचा. त्यांचे तेव्हाचे मुख्य डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांचा शो. मॉडेल वितळलेल्या पाण्यातून चालल्या. तसं पाणी मुद्दामच ठेवलं तर?

रॅम्पसज्जा

तिथे कपडे आणि बूट त्याच कल्पनेवर बेतलेले होते, कृत्रिम फर आणि केसाळ बूट. इथे जमिनीला टेकणारी रेशमी किनार आहे. पाण्याचा एक थेंबही रेशमावर डागाची कडा सोडू शकतो. रॅम्प कोरडाच हवा.

वस्त्रवेध

+१. चालण्याची रेघ आणि ट्रेची कड यांत निदान दीड मीटर अंतर ठेवा. पदर किंवा शेपूट असलेल्या पोशाखांना दोन मीटर. ट्रेभोवती काळ्या शोषक चटईचा अर्धा मीटर पट्टा आणि तो चारी बाजूंनी टेपने चिकटवलेला. सुटी चटई उंच टाचेखाली सरकते. रंगीत तालमीला मॉडेलनी शिल्पांच्या जागी ठेवलेल्या खोक्यांभोवती चालून बघावं, वळणाची जागा तिथेच पक्की होते.

नवा_दिवा

बर्फाभोवती धुकं हवं असेल तर ट्रेमध्ये ड्राय आइस टाकला तर?

शीतगृह

दिसतं सुंदर, पण ट्रेमध्ये नको. एक किलो ड्राय आइसपासून सुमारे ५४० लिटर कार्बन डायऑक्साइड होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणजे स्टेजखाली टाकी सांभाळायला बसलेल्या माणसाच्या नाकाशी. शिवाय उणे ७८ अंशांचा तुकडा शिल्पाच्या पायाला लागला की तडा ठरलेला. धुकं हवंच असेल तर वेगळ्या यंत्रातून, अगदी थोडं, स्टेजखाली कुणी नसताना आणि हवा काढणारे पंखे चालू ठेवून. हाताळताना जाड हातमोजे, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नका, डबा फुटतो.

हिमशिल्पी

विजेचं राहिलं. करवत, ग्राइंडर, दिवे सगळं ३० मिलिअँपिअरच्या गळती-रोधक स्विचमागे. वायरींचे जोड जमिनीपासून वर टांगलेले. साखळी करवत चालवणाऱ्याच्या तीन मीटरच्या आत कुणी नको, आणि पायात तळाला खिळे किंवा खरबरीत रबर असलेले बूट.

रॅम्पसज्जा

वाहतूक आणि उचलणं याबद्दल कुणी सांगेल का? फ्रीझर ते स्टेज दोन तासांचा प्रवास आहे.

शीतगृह

थंड गाडी उणे ५ ते उणे १० वर. शिल्प उभंच न्यायचं, खाली ५ सेंमी फोम, चारी बाजूंना फोमचे ठोकळे आणि पट्टे. पट्टा बर्फावर थेट नको, खाली फळी द्या. सँडल मात्र कमानीखाली फोम भरून, कमान अधांतरी ठेवून नाही. धडाचे दोन भाग वेगळे नेऊन जागेवर सांधता येतात आणि उचलायलाही सोपं जातं, पण मग ॲल्युमिनियमची पाटी आणि बर्फाच्या भुग्याचा डबा सोबत हवा.

पाणसळ

सांधायचंच असेल तर मालधक्क्यावर, गाडीच्या थंडीत सांधा. स्टेजवर २४ अंशांत सांधा धरत नाही, पाण्यावर घसरतो. त्यानंतर चार माणसं, कापडी पट्टे आणि हवा भरलेल्या चाकांची ट्रॉली. उतारावर ट्रॉलीच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही.

नऊनंतर उरलेला बर्फ जागेवर फोडू नका, कपच्या डेकच्या फटींत जाऊन रात्रभर ठिबकतात. ट्रे नळीसकट ट्रॉलीवर ओढून मालधक्क्यावर न्या आणि तिथे फोडा. भिंतीचा मधला गाळा आधी सोडवायचा, वस्त्रवेधताईंचा टब तिथे भरून तयार ठेवा.

रॅम्पसज्जा

गाडी ४:४५ ला मालधक्क्यावर, सांधा ५:१५ पर्यंत, ट्रे आणि पाणसळ आधीच लावलेली, शिल्पं ५:३० ला जागेवर. एलईडी ६:४५ ला. भिंतीच्या गाळ्याचा लहान नमुना या आठवड्यात करून घेतो आणि थरांचे फोटो इथेच टाकतो. वस्त्रवेधताई, किरमिजी रेशमाचा तुकडा आज बर्फाच्या पाण्यात ठेवला आहे.

वस्त्रवेध

उद्या बघताना पांढरं कापड वाळवून बघा. ओल्यावर फिकट किरमिजी कळत नाही.